अक्का, डॉक्टरांना विचारून आलो

अक्का,

डॉक्टरांना विचारून आलो. सव्वा वर्षापूर्वी सांगितलेलं तुझं काम मी आत्ता केलं. उत्तर मिळायला दोन मिनिटं लागली, आणि त्यातलंही एक मिनिट डॉक्टर फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते.

उत्तर काय मिळालं ते सांगतो, पण एकदम सांगवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस की बापू, कामाचं सोडून भलतंच काय लावलंस. लहानपणापासून हेच म्हणत आलीस. मी केजला रक्त तपासायची लॅब टाकली, डोक्यावरचे केस गेले, पोरगी कॉलेजात गेली, तरी तुझ्यापुढं मी भलतंच लावणारा बापूच राहिलो. आणि तुझं काही चुकत नव्हतं.

आपल्या घरात 'लिव्हर' हा शब्द दाजींनी आणला. त्यांचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, शेवटी शेवटी तू एकटी त्यांना उचलून बसवायचीस. लोक बघायला यायचे, चहा प्यायचे आणि ओट्यावरून उतरताना म्हणायचे, लिव्हर गेलं. त्यापुढं कुणाला काही बोलायची गरज पडायची नाही. आपल्या दिंद्रुड गावात ज्याचं लिव्हर गेलं तो पिऊन गेला, हे ठरलेलंच.

दाजींच्या माघारी तू गिरणी चालू ठेवलीस. पट्टा चढवायला शिकलीस, पाट्याच्या दगडाला टाकी लावून खाचा पाडायला शिकलीस. पोराला, रमेशला त्याच गिरणीवर शिकवलंस आणि पुण्याला नोकरीला लावलंस. आणि एक नियम केलास. पिऊन आलेल्या माणसाचं दळण घ्यायचं नाही. डबा उचलायचीस, पायरीवर ठेवायचीस आणि त्याच्या बायकोला निरोप धाडायचीस की तू ये, तुला लगेच दळून देते. नारायणचा डबा तर किती वेळा त्या पायरीवर बसला असेल. तो शिव्या द्यायचा. तू गिरणीचा आवाज वाढवायचीस.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते बोललो, म्हणून आज लिहितोय.

तुझ्या उजव्या कुशीत दुखत होतं. गावातल्या डॉक्टरांनी खडा असेल म्हणून माजलगावला सोनोग्राफीला पाठवलं, मी सोबत आलो. तू सकाळपासून पाण्याच्या घोटावर होतीस. तपासणी झाल्यावर आपण समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसलो आणि मी तुला उसाचा रस पाजला, मोठा ग्लास. लोकांचं रक्त तपासून पोट भरणारा मी. तू रस पीत होतीस आणि मी रिपोर्ट वाचत होतो. खडा नव्हता. खाली लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन.

लिव्हरवर चरबी चढलीय म्हणून मी तुला सांगितलं. तू ग्लास बाकावर ठेवलास. म्हणालीस, "मी कदी त्या बाटलीला शिवले तरी का? मग मला कावून?"

तेव्हा मी साधं सरळ सांगायला हवं होतं. दारू न पिणाऱ्यांनाही हे होतं, आता तर पिणाऱ्यांपेक्षा अशीच माणसं माझ्याकडं जास्त येतात, आपल्या आळीतल्या अर्ध्या घरांत निघेल. हे मला माहीत होतं. पण तुझा चेहरा उतरलेला बघून मला तुला हसवायचं होतं. मी म्हणालो, कधीपासून सुरू केलीस अक्का, आम्हाला पत्ता नाही.

तू हसली नाहीस. रसवंतीच्या चाकाकडं बघितलंस. मग म्हणालीस, "तू घरचा असून असं म्हणतोस बापू. मग गाव काय म्हणंल?"

मी माफी मागितली नाही. बहीणभावात कसली माफी, असं वाटलं. थट्टा केली होती, दुसरं काय. आपण आयुष्यभर एकमेकांची थट्टाच तर केली. मी दहावीला नापास झालो तेव्हा तू मला वर्षभर 'साहेब' म्हणत होतीस आणि मी कधी मनाला लावून घेतलं नाही. हे मात्र तू मनाला लावून घेतलंस, आणि ते मला दिसत असून मी उठून बसची चौकशी करायला गेलो.

त्या दिवशी तुला मी केजला माझ्याकडं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तुझं रक्त काढलं. तू सुई टोचताना दुसरीकडं बघायचीस, तसंच बघितलंस. नळी मशीनवर फिरवून बाहेर काढली आणि मी तिथंच समजलो. रक्त खाली बसलं की वर पिवळसर, स्वच्छ पाणी दिसायला पाहिजे. तुझं पाणी गढूळ होतं, पातळ ताकासारखं. मशीननं नंतर आकडे दिले, कोलेस्टेरॉल वाढलेलं, ट्रायग्लिसराईड तर फारच वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी. पण ते ताक मी आधीच बघितलं होतं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या असल्या नळ्या शेकड्यांनी पाहिल्या, हात कधी थांबला नाही. तुझी नळी धरून मी उभाच राहिलो.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. माझ्या हातात दोन कागद होते. दवाखान्याच्या पायरीवर तू थांबलीस, सोनोग्राफीचा कागद माझ्या हातातून काढून घेतलास, चार घड्या केल्यास आणि पिशवीत खाली, लुगड्याच्या घडीत घातलास.

"हे न्हाई दाखवायचं," म्हणालीस.

मी घालू दिला. थोडं बोललो, नाही असं नाही, पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि सकाळच्या माझ्या थट्टेची बोच होती म्हणून फार ताणलं नाही. सकाळच्या नव्हे, आदल्या दिवशीच्या. बघ, लिहिताना दिवस एकात एक मिसळतात. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला, छाती तपासली, बीपी घेतलं, गोड आणि तेलकट कमी करा म्हणाले आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. दुसरा काही त्रास आहे का, म्हणून विचारलं. तू नाही म्हणालीस. मी खुर्चीवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत होतो.

महिन्याभरानं तुझा फोन आला. सकाळची वेळ, लॅबमध्ये सात-आठ माणसं उपाशी बसलेली, एकाच्या दंडाला मी पट्टी आवळत होतो. फोन कानाला आणि खांद्याला दाबून धरला. तू म्हणालीस, "ह्या गोळीनं लिव्हर खराब होतं म्हणत्यात. मपलं तर आदीच तसलं. घेऊ का नको?"

मला नक्की माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला जीभ वळली नाही. दहावी नापास साहेबाला अक्का पहिल्यांदाच औषधाचं काही विचारत होती. मी म्हणालो, सध्या बंद ठेव, मी डॉक्टरांना विचारून सांगतो.

तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास.

अक्का, मी रोज संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा असतो. दिवसभराचे रिपोर्ट पाकिटात घालून मीच नेऊन देतो. ते चहा सांगतात, कधी कधी मी पितो. पाऊसपाणी, निवडणूक, पोरांच्या परीक्षा, सगळं आम्ही बोलतो. एवढी एक गोष्ट मी विचारली नाही. कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की पेशंटचा एक रिपोर्ट तुमच्यापासून लपवला, आणि लपवताना लॅबवाला स्वतः शेजारी बसला होता. ज्यांच्या भरवशावर माझी लॅब चालते त्यांच्यासमोर हे कसं बोलायचं, या विचारात एक आठवडा गेला, मग दुसरा. तुझी लाज राखतोय असं मी स्वतःला समजावत होतो. राखत होतो माझीच.

तू दिवाळीत विचारलंस, "बापू, इचारलं का?" ओवाळून झालं होतं, ताट अजून तुझ्या हातात होतं. मी म्हणालो, डॉक्टर सुट्टीवर गेलेत. ते सुट्टीवर नव्हते. संक्रांतीच्या सुमारास फोनवर पुन्हा विचारलंस, तेव्हा मी म्हणालो हो, आता विचारतोच. त्यानंतर तू विचारायचं सोडलंस. मला वाटलं, विसरली. बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तू काही स्वस्थ बसली नव्हतीस. सोमवार आणि एकादशी तुझी होतीच, त्यात गुरुवार धरलास. पोटाला आराम दिला की लिव्हर आपोआप निवळतं, असं तुझं म्हणणं. एका गुरुवारी मी आलो तर तू परातभर साबुदाण्याची खिचडी केलेली, दाण्याचं कूट सढळ, वर बटाटा, राजगिऱ्याचे लाडू आणि साखरेचा चहा. मी म्हणालो, अक्का, उपवासाला तू एरवीपेक्षा दुप्पट जेवतेस. तू माझ्या ताटात आणखी एक डाव वाढलास. दोघंही हसलो. तेव्हा थट्टा बाजूला ठेवून बोललो असतो, की हे सगळं पोटात जाऊन चरबीच होतं, तर तू चिडली असतीस, भांडली असतीस, आणि पुढच्या गुरुवारी भाकरी-मेथी खाऊन गुपचूप मला फोन केला असतास. तुझं भांडण असंच असायचं. मी ते भांडण केलंच नाही.

तू तूप सोडलं होतंस, तेही मला नंतर कळलं. तळलेलं सोडलं होतंस. चरबी म्हणजे तेल-तूप, एवढाच हिशेब तुझा. तो तसा नसतो हे सांगायचं काम माझं होतं.

गेलीस त्या सकाळबद्दल मी लिहिणार नाही. शेवटचं दळण उतरवून, डब्याला झाकण लावून तू ओट्यावर बसलीस आणि जबडा दुखतोय म्हणालीस, एवढं लोक सांगतात. जीप माजलगावला पोचेपर्यंत उशीर झाला होता; हार्ट अटॅक, म्हणाले.

सावडून आल्यावर रमेशनं गिरणी उघडली. पाट्याला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी तू ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचीस, त्यात तळाला चार घड्यांचा कागद होता आणि कागदात गोळ्यांची पाकिटं. एक अर्धं खाल्लेलं, बाकीची न फोडलेली. रमेशनं कागद वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, मी फोनवर दर वेळी विचारायचो, गोळी घेतेस का. ती म्हणायची, मामा इचारून सांगणार हाय, तवर थांबलेय."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं, की मी डॉक्टरांना काय विचारणार होतो.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. माझ्यावर विश्वास टाकून बसली होतीस.

तेराव्याच्या दोन दिवस आधी मी केजला जाऊन डॉक्टरांसमोर तो कागद ठेवला आणि दवाखान्याच्या पायरीपासून सगळं सांगितलं. त्यांनी तो वाचला, मग तुझा जुना रक्ताचा रिपोर्ट मागितला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "हे दोन आजार समजू नका. एकाच गोष्टीचे दोन कागद आहेत. लिव्हर पार निकामी झालेला पेशंट असेल तर वेगळं. पण नुसत्या फॅटी लिव्हरसाठी ही गोळी बंद करत नाहीत. उलट अशा माणसाच्या हृदयाची काळजी जास्त घ्यावी लागते. लिव्हरची रक्ततपासणी करून मी चालूच ठेवली असती."

मग त्यांनी विचारलं, मला का नाही दाखवलात.

गोळी चालू असती तर तू वाचली असतीस, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला 'तरी गेलीच असतीस' हा आधार नको आहे आणि 'वाचली असतीस' हा दोषही पेलवत नाही. तू विचारलं होतंस, घेऊ का नको. उत्तर होतं, घे. एक शब्द.

तुला समजेल असं सांगतो. दिवाळीच्या आधी गिरणीत दळण दळून आवरायचं नाही. आतल्या खोलीत डब्यांना जागा उरायची नाही, मग डबे ओट्यावर यायचे, ओटा भरला की रस्त्यावर. लिव्हरचं तसंच. खाल्लेलं जास्तीचं, मग ती साखर असो, साबुदाणा असो की तूप, लिव्हर त्याची चरबी करून आत ठेवतं. खोली भरली की ती चरबी रक्तात येते, रक्ताच्या नळ्यांत बसते, हृदयाच्या नळ्यांतही. मी नळीत बघितलं ते गढूळ पाणी म्हणजे तुझ्या रस्त्यावर आलेले डबे. आम्ही सगळे त्या रस्त्यावरच्या डब्यांकडं बघत होतो. आत खोली भरलीय, हा कागद तुझ्या पिशवीत होता.

आता तेराव्याचं सांगतो. जेवणं झाल्यावर माणसं ओट्यावर बसली होती. कुणीतरी म्हणालं, बीपी असेल, हल्ली बीपीचंच लई झालंय. मी उभा राहिलो आणि म्हणालो की अक्काला फॅटी लिव्हर होतं. दारू न पिता होतं. तिनं लाजेनं लपवलं आणि ती लाज मी तिच्या डोक्यात घातली.

मला वाटलं, आता कुजबूज सुरू होणार. कोपऱ्यातून नारायण उठला. तोच, तुझ्या पायरीवर डबा बसलेला. त्या दिवशी शुद्धीत होता. म्हणाला, "अक्का आन दारू? आमचं दळण मागं सारणारी ती. कुणी तसं बोललं तर मी हाय."

ज्या गावाला तू भीत होतीस, ते गाव हे होतं, अक्का. त्यानं एक क्षणही विश्वास ठेवला नसता. थट्टा करणारा सगळ्या गावात मी एकटा निघालो.

लोक पांगले तरी समोरच्या घरची कौसाबाई बसूनच होती. तुझ्याबरोबर गुरुवार धरायची ती. ती घरी गेली, परत आली, आणि पदराखालून दोन कागद काढून माझ्या हातात दिले. एक रक्ताचा, एक सोनोग्राफीचा, तोही चार घड्या घातलेला. मला धक्का बसला तो तिच्या रिपोर्टचा नाही. तुला एक माणूस होतं सांगायला, हे त्या घड्यांवरून कळून मला रडू आलं. निदान तू एकटी नव्हतीस.

मग कौसाबाई म्हणाली, "मपली बी गोळी बंद हाय, बापू. अक्का म्हणली, बापू इचारून सांगणार हाय, तवर दोघीबी थांबू."

सव्वा वर्ष, अक्का. दोघी.

सवयीनं माझ्या तोंडात आलंच होतं, विचारून सांगतो. ते मागं घेतलं. तुझ्या ओट्यावर बसूनच डॉक्टरांना फोन लावला आणि कौसाबाईचे दोन्ही कागद त्यांना वाचून दाखवले. आधी सोनोग्राफीचा वाचला, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुझा,
बापू